पांढरा म्हणजे किती पांढरा

वाड्याचा चौक. समई तेवते आहे, मागे चुन्याची भिंत, भिंतीला टेकून पांढरं धोतर नेसलेला म्हातारा, आणि वर कोपऱ्यात, कौलांच्या पलीकडे, शेजारच्या इमारतीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी. गोष्ट पेशवाईतली, टाकी चालणार नाही. मग तो शॉट एडिटच्या टाइमलाइनवरून उचलला जातो आणि व्हीएफएक्सकडे जातो. तिथे कुणीतरी खाली मान घालून टाकी पुसतो, तिच्या जागी आभाळ भरतो आणि शॉट परत पाठवतो. टाकी गेलेली असते, कौलांच्या कडा शाबूत असतात, काम चोख झालेलं असतं. फक्त मागच्या-पुढच्या शॉटमध्ये बसवल्यावर भिंत दुधाळ दिसते आणि म्हाताऱ्याच्या गालावरचा समईचा तांबूसपणा ओसरलेला असतो. निर्माता विचारतो, रंग कुणी खाल्ला? एडिटर व्हीएफएक्सकडे बोट दाखवतो. व्हीएफएक्सवाला म्हणतो, माझ्या मशीनवर बरोबर होता. दोघंही खरं बोलत असतात, आणि म्हणूनच तंटा मिटत नाही.

पोस्ट-प्रॉडक्शनच्या खोल्यांतून वावरलेल्या कुणालाही हा प्रसंग नवा नाही. त्यावरचा उपायही ठरलेला आहे: कुणीतरी स्लायडर ओढतो, डोळ्याला बरं वाटेल इतपत रंग ‘जागेवर आणतो’ आणि सगळे जेवायला जातात. मला या उपायाचा राग आहे. का, ते पुढे येईलच. पण वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या कटकटीच्या तळाशी एक जुना प्रश्न पडून आहे. दोन रंग सारखे आहेत असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय सारखं असतं?

फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. एका पिक्सेलमधला एकच आकडा घेऊ: १२८. शून्य ते २५५ या मापातला मधला. हा आकडा म्हणजे उजेडाचा थेट हिशेब असं मानलं तर तो पूर्ण उजेडाच्या निम्मा, ५० टक्के. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने संगणकाच्या पडद्यांसाठी मांडलेल्या एसआरजीबीच्या वक्राने वाचला तर २१.६ टक्के. टीव्हीच्या मास्टर मॉनिटरच्या २.४ गॅमाच्या वक्राने वाचला तर १९. सिनेमागृहाच्या प्रोजेक्टरच्या २.६ ने वाचला तर १७ च्या आत. आकडा तोच, फाइल तीच, आणि उजेड कुठे निम्मा तर कुठे सहाव्या हिश्शाएवढा. हे झालं नुसत्या उजेडाचं. ‘पूर्ण हिरवा, बाकी शून्य’ असं लिहिलेला पिक्सेल टीव्हीच्या रेक ७०९ या रंगमापात एक हिरवा असतो, सिनेमागृहाच्या पी-३ मध्ये त्याहून गर्द, आणि २०१२ साली आलेल्या रेक २०२० मध्ये तर असा, की तो पूर्णपणे दाखवू शकणारे पडदे आजही विरळा.

सरगमीने लिहिलेली बंदिश हाती आली तर तिच्यात स्वरांची एकमेकांशी नाती असतात; सूर नसतो. सा काळी एक की काळी चार हे सांगितल्याशिवाय तंबोरा लावता येत नाही. पिक्सेलचे तीन आकडे असेच नात्यांचे आकडे आहेत. त्यांचा सा म्हणजे तीन मूळ रंग नेमके कुठले, पांढरा कुठला, आणि आकड्यावरून उजेडाकडे कुठल्या वक्राने जायचं. एवढं ज्ञात असेल तर आकडा रंग सांगतो. नसेल तर प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या सवयीचा सा धरून गाऊ लागतं. वाड्याच्या शॉटचं हेच झालं होतं. कुणीही रंग खाल्ला नव्हता. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना सा सांगायचा राहिला होता.

सा सांगायला विसरण्याच्या दोन ठरीव जागा आहेत. पहिली पट्ट्याची. व्हिडिओच्या जुन्या शिस्तीत १० बिटच्या ० ते १०२३ या मापात काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर धरतात. खालीवरची जागा राखीव. संगणकाच्या चित्रांत मात्र काळा शून्यावर असतो. पहिल्या रीतीची फाइल दुसऱ्या रीतीने वाचली की ६४ वरचा काळा काळा राहत नाही, राखाडी होतो, आणि सगळ्या चित्रावर साय धरल्यासारखं दिसतं. उलट झालं तर सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो. दुसरी जागा गॅमाच्या खुणेची. फाइलच्या माथ्यावर रंगाची ओळख सांगणारे तीन छोटे आकडे असतात. रेक ७०९ साठी ते एक-एक-एक. मॅकवरचा क्विकटाइम प्लेयर या खुणेवरून सुमारे १.९६ चा गॅमा धरतो, तर ग्रेडिंगचा, म्हणजे अंतिम रंग ठरवण्याचा, मॉनिटर २.४ वर बसवलेला असतो. एकच फाइल एकाच खोलीत दोन पडद्यांवर दोन चेहऱ्यांनी दिसते, आणि मग ‘क्विकटाइमवर फिकं का दिसतं’ हा प्रश्न आयुष्यभर पाठीशी लागतो.

आता स्लायडरच्या रागाबद्दल. २.४ साठी लिहिलेला आकडा १.९६ ने वाचला तर मधली छटा, म्हणजे ०.५ चा आकडा, सुमारे १.३६ पट उजळते. पण ०.१ वरची गडद छटा पावणेतीन पट उजळते. म्हाताऱ्याच्या गालाला जी चूक किरकोळ लागली ती त्याच्या पाठीमागच्या सावलीला दुपटीने लागली. आता ब्राइटनेस ओढून गाल जागेवर आणला तर सावली चुकीचीच राहते. सावली आणली तर गाल काळवंडतो. मग कॉन्ट्रास्टला हात, मग सॅच्युरेशनला, आणि शेवटी जे तयार होतं ते मूळ चित्राच्या जवळपासचं एक तिसरंच चित्र. वाचण्यातली चूक पाहण्याच्या अंदाजाने दुरुस्त होत नाही. ती होती त्याच वक्राने उलटवावी लागते, आणि त्यासाठी वक्र कुठला होता हे ठाऊक असावं लागतं. ज्याला ते विचारायचा कंटाळा, तो डोळ्यावर भरवसा टाकतो. आपल्याकडे या कंटाळ्याला अनुभव म्हणायची पद्धत आहे.

आणि डोळ्यावर भरवसा टाकायचा तर कुणाच्या? रंग मोजण्याच्या सगळ्या आधुनिक व्यवहाराचा पाया १९३१ साली घातला गेला, तोही डोळ्यांवरच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डेव्हिड राइट यांनी दहा जणांवर, आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी सात जणांवर प्रयोग केले होते. प्रयोग साधा होता. अंधारात एक लहानसं वर्तुळ, हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावं एवढं. त्याच्या एका अर्ध्यात एकाच तरंगलांबीचा उजेड, दुसऱ्या अर्ध्यात तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन दिव्यांचं मिश्रण. समोरच्याने तीन दिवे कमीजास्त करत राहायचं, मधली रेघ नाहीशी होईपर्यंत. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे सीआयईने, त्या सतरा माणसांच्या सरासरीतून ‘प्रमाण निरीक्षक’ नावाचा एक माणूस घडवला. तो कधी जन्मला नाही, पण तुमच्या फोनचा पडदा, थिएटरचा प्रोजेक्टर आणि साडीच्या दुकानातला रंग मोजणारा यंत्राचा डोळा त्याच्याच नजरेने पाहतो.

या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यात कुणालाही ‘तुला कुठला रंग दिसतो’ असं विचारलंच नव्हतं. तांबडा म्हणजे काय, माझा तांबडा आणि तुझा तांबडा एक का, या वाटेला कुणी गेलंच नाही. प्रश्न एकच: हे दोन अर्धे सारखे दिसतात का? हो किंवा नाही. रंगाचं शास्त्र रंग जाणत नाही, सारखेपणा जाणतं. आणि तोही ठराविक अटींवर: वर्तुळ एवढं, भोवती अंधार, डोळा स्थिर. अट बदलली की साक्ष बदलते. शिवाय काही शुद्ध रंग तीन दिव्यांच्या कुठल्याच मिश्रणाने साधेनात. तेव्हा एक दिवा उचलून पलीकडच्या अर्ध्यात टाकावा लागला, म्हणजे हिशेबात तो उणे धरावा लागला. हे उणे आकडे आजही आपल्याला छळतात. गणपतीच्या मंडपातली निळी एलईडी माळ कॅमेऱ्याने टिपली की रेक ७०९ च्या मापात तिच्या तांबड्या-हिरव्याच्या घरात उणे आकडे उतरतात. मग ती माळ एखाद्या फिल्टरमधून जाताना तिच्या कडेला काळे, किडके डाग पडतात, आणि व्हीएफएक्सच्या पोराला वाटतं की रोटो, म्हणजे आकाराच्या कडा कापण्याचं काम, बिघडला.

रंग प्रवासात फसण्याची आपल्याकडची गोष्ट तर बोलपटाइतकीच जुनी. प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचं धाडस केलं. चित्रीकरण इथे आणि रंगीत प्रती जर्मनीत, असा बेत होता, व्ही. शांताराम स्वतः निगेटिव्ह घेऊन तिकडे गेले. प्रती हाती आल्या तेव्हा रंग फसलेले होते. भारतातल्या पहिल्या रंगीत बोलपटाचा मान मग १९३७ च्या ‘किसान कन्या’कडे गेला, आर्देशर इराणींच्या इम्पीरियलकडे, सिनेकलर पद्धतीने. टिपणारे एका देशात, धुणारे-छापणारे दुसऱ्या देशात, आणि दोघांमध्ये सामाईक अशी एकही पट्टी नाही ज्यावर बोट ठेवून म्हणावं की हा आमचा करडा, तुमचा दाखवा.

फिल्मच्या पुढच्या काळात ही पट्टी आली. रिळाच्या सुरुवातीला, प्रेक्षकांना कधीच न दिसणाऱ्या काही चौकटींत, एका बाईचा चेहरा आणि शेजारी करड्या रंगाचे चौकोन असत. लॅबमधला ग्रेडर तिच्या त्वचेवरून ठरवी की आजचं रसायन वाकडं चाललंय की सरळ. शॉटच्या रंगाची दुरुस्ती तीन आकड्यांत मावे: छपाईच्या यंत्राचे तांबडा, हिरवा, निळा हे तीन दिवे, १ ते ५० पर्यंत, मध्य २५. किती आटोपशीर! लॅब एक, फिल्म एका जातीची, रसायनाचं कुंड एक. सा सांगायची गरजच नव्हती, कारण दुसरा सा अस्तित्वातच नव्हता. मात्र ती रिळाच्या तोंडची बाई बहुतेक वेळा गोरी असे. सावळ्या गालावरचा उजेड कसा छापला जावा याचा निवाडा तिच्या गालावरून होत होता. १९७६ च्या मॅकबेथ कलरचेकरच्या चोवीस चौकोनांत पहिला चौकोन सावळ्या त्वचेचा आणि दुसरा गोऱ्या त्वचेचा आहे, ही तशी सुधारणाच म्हणायची. पण त्या दोन चौकोनांच्या मध्ये आणि पलीकडे आपला अर्धा देश राहतो.

मग चित्र फिल्मवरून संगणकावर आलं, आणि तिथे पांढऱ्याचा खरा प्रश्न उभा राहिला. तो समजायला एक जुनं पुस्तक उपयोगी पडतं.

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आपल्याकडे संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यानपिढ्या घोकला; आठल्ये-बोडसांची मुंबईहून निघालेली आवृत्ती अनेकांच्या कपाटात असेल. त्यात रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगितले आहेत, पांढऱ्यापासून चित्रविचित्र रंगापर्यंत. ते सातही प्रकार पृथ्वीत सापडतात. पण पाण्याला आणि तेजाला फक्त पांढरा दिला आहे, आणि गंमत अशी की तो दोघांना एक दिलेला नाही. पाण्याचा पांढरा अभास्वर, स्वतः न उजळणारा. तेजाचा भास्वर, उजळणारा आणि उजळवणारा. रूप पदार्थातच असतं हे ‘तर्कसंग्रहा’मागच्या वैशेषिकांचं म्हणणं आजच्या रंगशास्त्राला पटणार नाही. पण पांढरे दोन आहेत हा त्यांचा भेद संगणकावरच्या चित्रकामाला तीन-चार दशकं नीट उमगला नव्हता, असं मी अतिशयोक्ती न करता म्हणेन.

कारण २५५ ला छप्पर आहे. म्हाताऱ्याचं धोतर पांढरं, म्हणून २५५ च्या आसपास. समईची ज्योत पांढरी, म्हणून तीही २५५. पडद्यापुरतं हे चालून जातं, पडदा त्याहून जास्त उजेड देऊच शकत नाही. पण चौकात तसं नव्हतं. धोतर अंगावर पडलेल्या उजेडाचा फार तर नव्वद टक्के भाग परत पाठवतं, त्याचा आकडा ०.९. ज्योत स्वतःच जळते आहे; त्याच मापात तिचा आकडा, समजा, ३०. आता व्हीएफएक्समध्ये चित्र थोडं धूसर करायचं आहे, भिंगाचा फोकस सरकल्यासारखं. ज्योतीचा एक पिक्सेल दहा पिक्सेलवर पसरला. ३० चे दहा भाग केले तर प्रत्येकी ३ येतात. पसरूनही धोतराहून तिप्पट उजळ, म्हणजे कॅमेऱ्यात दिसते तशी पूर्ण झळाळती चकती. पण ज्योत आधीच १ वर छाटलेली असेल तर प्रत्येकी ०.१ येतो. ज्योतीच्या जागी राखेचा डाग. भास्वर पांढऱ्याला अभास्वर धरलं की दिवा असा विझतो, आणि एकदा विझला की कुठल्याही ग्रेडिंगने पुन्हा पेटत नाही.

कोडॅकच्या माणसांना हे ठाऊक होतं, कारण फिल्मला ठाऊक होतं. नव्वदीच्या दशकात त्यांनी फिल्म संगणकात घ्यायला सिनेऑन पद्धत आणली. १९९३ साली डिस्नेचा जुना ‘स्नो व्हाइट’ तिच्यावरच अखंड स्कॅन होऊन दुरुस्त झाला. तिच्यात १० बिटच्या मापात काळा ९५ वर आणि पांढरा ६८५ वर ठेवला आहे. पांढऱ्याच्या वर १०२३ पर्यंत मोकळी जागा, तेजासाठी राखलेली. आजच्या कॅमेऱ्यांच्या लॉग फाइलींची ही आजी. ॲरीच्या ॲलेक्साची लॉग-सी फाइल उघडली तर १८ टक्के करडा ४०० च्या आसपास दिसतो आणि सगळं चित्र मळकट, निस्तेज वाटतं. नवशिक्याला वाटतं की शूटिंगच बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. त्या मळकटपणात ज्योत सुरक्षित असते. पुढे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने आपल्या कामासाठी केलेली ओपन-ईएक्सआर ही फाइल २००३ साली सगळ्यांना खुली केली. तिच्यातला आकडा एकच्या पुढे ६५,५०४ पर्यंत जाऊ शकतो. समईच काय, सूर्यालाही त्यात बऱ्यापैकी जागा मिळते.

म्हणून व्हीएफएक्सचं काम उजेडाच्या थेट हिशेबात, ज्याला लिनिअर म्हणतात त्यात, चालतं. आणि इथेच माणसं गोंधळतात, कारण लिनिअर चित्र पडद्यावर तसंच टाकलं तर काळवंडलेलं आणि भडक दिसतं. ते पाहण्यासाठी मध्ये एक रूपांतर लागतं, व्ह्यू ट्रान्सफॉर्म. हे रूपांतर फक्त पाहण्यासाठी असतं. फाइलमध्ये ते शिजवायचं नाही. ग्रेडिंग करणाऱ्या कलरिस्टचा अपेक्षित लुक एका लटमध्ये, म्हणजे रूपांतराच्या तक्त्यात, किंवा अमेरिकन सिनेमॅटोग्राफर्स सोसायटीच्या सीडीएलच्या दहा आकड्यांत, प्लेटबरोबर, म्हणजे मूळ चित्रित शॉटबरोबर, येतो. कॉम्प करणारा, म्हणजे चित्राचे तुकडे एकत्र जुळवणारा, तो लावून पाहतो, ज्योतीची ऊब आभाळाशी जुळते का ते बघतो, आणि रेंडर काढताना तो बाजूला सारतो. प्लेट आली त्याच रंगमापात परत जाते, टाकीशिवाय.

ती खरोखर तशी गेली का, हे तपासायची एक रीत आहे, आणि व्हीएफएक्समधल्या सगळ्या कामांत मला ती सगळ्यात देखणी वाटते. आलेली प्लेट आणि तयार शॉट एकमेकांवर ठेवायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. पडदा पूर्ण काळा व्हायला हवा. आता त्या काळ्याला शंभराने गुणायचं. वर कोपऱ्यात टाकीच्या आकाराचा एक भगभगीत ठिपका उजळतो. तिथे बदल झालाय, तो करायचाच होता. बाकी सगळीकडे अंधार राहिला तर काम खरं. पण अंधारातून भिंतीची पुसट रेघ उमटली, धोतराच्या चुण्या भुतासारख्या दिसू लागल्या, तर समजावं की जिथे हात लावायला सांगितलं नव्हतं तिथे लागला आहे. दिसायला फरक नसेलही. कलरिस्ट उद्या सावल्या उचलून बघेल तेव्हा दिसेल.

हा हात का लागतो? सॉफ्टवेअरला बोल लावणं सोपं आहे. एडिटिंगची, कॉम्पची, ग्रेडिंगची सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या घरांत वाढली. एकाने टीव्हीची शिस्त घेतली, एकाने प्रिंटची, एकाने फिल्मची, आणि प्रत्येकाच्या घरात जे न सांगता चालत आलं ते तो गृहीत धरतो. आफ्टर इफेक्ट्स वर्षानुवर्षं नव्या प्रोजेक्टला रंगमापच न नेमता सुरू होत आलं. आकडा जसा आला तसा, त्याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समध्ये २००३ पासून यावर एक सामाईक तोडगा आकाराला आला, ओपन-कलर-आयओ; २०१० साली तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि त्याच्या रचनेबद्दल जेरेमी सेलान यांना २०१४ साली ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. कल्पना अशी: कुठल्या रंगमापावरून कुठल्या रंगमापाकडे कसं जायचं हे सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचं, आणि न्यूक असो, ब्लेंडर असो, प्रत्येकाने तीच फाइल वाचायची. अकादमीनेच एसेस नावाची आणखी मोठी व्यवस्था उभी केली; तिची पहिली पक्की आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली. आपल्याकडे मात्र ‘एसेस लावला’ की चित्र हॉलिवूडसारखं दिसतं, अशी एक समजूत हिंडते. भाषांचं व्याकरण शिकल्याने कुणी कवी होत नाही, आणि एसेसमध्ये चुकीचं इनपुट निवडलं तर अत्यंत पद्धतशीरपणे चुकीचा रंग मिळतो.

पण हात लागण्याचं मूळ सॉफ्टवेअरच्या पलीकडे आहे, असं मला वाटतं. शॉट ज्याच्या हाती येतो त्याला तो सुंदर करावासा वाटतो. एडिटर म्हणतो, जरा थंड वाटतंय, अंमळ ऊब देतो. कॉम्प करणाऱ्याला नवं आभाळ बसत नाही, तो आभाळाऐवजी भिंतच सावरून घेतो. दोघांचाही हेतू नेक असतो. पण प्रत्येकाने आपापल्या पडद्यासमोर, आपापल्या खोलीच्या उजेडात एकेक निर्णय घेऊन टाकलेला असतो, आणि निर्णय घ्यायचा ज्याचा हक्क त्या कलरिस्टच्या, छायालेखकाच्या हाती उरतं ते दुसऱ्यांच्या निर्णयांचं गाठोडं. हाती आलेलं सुंदर करता येत असूनही ते जसंच्या तसं पुढे देणं, यात एक प्रकारची निरिच्छता लागते. ती शिकवणारा अभ्यासक्रम मी तरी पाहिलेला नाही.

यातला विरोधाभास असा की हा एवढा काटेकोर सारखेपणा ज्या डोळ्यासाठी जपायचा, तो डोळा स्वतः काडीचा सारखा नाही. धोतर दुपारच्या उन्हात पांढरं आणि समईच्या उजेडातही पांढरंच दिसतं, आणि डोळ्यात शिरणारा उजेड मात्र दोन्ही वेळी अगदी वेगळा असतो. पांढरं कशाला म्हणायचं हे डोळा दर मिनिटाला नव्याने ठरवतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. म्हणून ग्रेडिंगच्या खोलीच्या भिंती करड्या, दिवे मंद आणि पडद्यामागचा उजेड दिवसाच्या प्रमाण पांढऱ्याचा, डी-६५ चा ठेवतात: डोळ्याला मत बदलायला कारण मिळू नये म्हणून. एवढा सोवळ्यात राखलेला रंग दिग्दर्शक रात्री अकरा वाजता फोनवर पाहतो, फोन तेव्हा झोपेच्या काळजीने पडदा पिवळा करून बसलेला असतो, आणि सकाळी निरोप येतो: सगळं जरा पिवळं वाटतंय.

आता जास्त उजळ पडद्यांचं एचडीआर आलं आहे, आणि समईचा प्रश्न उलटा झाला आहे. साध्या टीव्हीच्या मास्टरमध्ये पांढऱ्याला १०० निट उजेड, थिएटरात ४८. एचडीआरमध्ये ज्योतीला हजारापर्यंत जाता येतं. इतकी वर्षं ज्योत वाचवून ठेवली, आता ती दाखवायची किती? पूर्ण दाखवली तर म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघणार नाही. दोन मास्टर निघतात, दोन्हींत समई वेगळी तेवते, आणि दोन्ही ‘मूळ’ म्हणून जपले जातात.

जपण्याचं काम करणाऱ्यांकडे हा सगळा व्यवहार शेवटी येऊन थांबतो. सत्तरीच्या दशकातल्या रंगीत प्रती निळसर रंगद्रव्य उडून गुलाबी झाल्या, हे पुण्याच्या फिल्म संग्रहालयात गेलेल्या अनेकांनी पाहिलं असेल. डिजिटल फाइलीचं द्रव्य उडत नाही, आकडे तसेच राहतात. हरवते ती त्यांची ओळख. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या हार्ड डिस्कवर हजारो फ्रेमांचं फोल्डर सापडतं, नाव ‘फायनल’, सोबत चिठ्ठी नाही. उघडणारा आधी चित्राकडे बघतच नाही. तो आकड्यांचा आलेख काढतो आणि सगळ्यात काळी जागा कुठे सुरू होते ते पाहतो. ९५ वर असेल तर बहुधा फिल्म-स्कॅनचा लॉग. ६४ वर असेल तर व्हिडिओ. शून्यावर असेल तर कुणीतरी संगणकावर फिरवलेलं. वक्र असा अंदाजाने सापडतो. हिरवा कुठला हिरवा होता हे आलेखावरून कळत नाही. त्यासाठी तो शॉट ज्याने पाठवला होता त्याचा जुना फोन नंबर शोधावा लागतो.